बंद घराच्या विहिरीचं लाल पाणी : एप्रिल ते जुलै २०२५

५ एप्रिल
घर उघडलं. काका गेल्यापासून, म्हणजे २०१६ पासून, या घराला कुलूप होतं. मालवण तालुक्यातलं आमचं माहेरचं घर. आईला पावसाळ्याआधी इथे कायमचं राहायला यायचं आहे. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर आता मन लागत नाही म्हणते. छप्पर, वायरिंग, वाळवी ही कामं दादा बघतो आहे. पाण्याचं माझ्याकडे. गावात नळयोजना आहे, पण उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं आणि आमच्या टोकाच्या घरापर्यंत दाब पोचत नाही. त्यामुळे विहिरीशिवाय पर्याय नाही.

मापं घेतली. व्यास ३ मीटर, कठड्यापासून तळ ११ मीटर, आज पाणी २.४ मीटर. बांधकाम जांभ्याच्या सुक्या चिऱ्यांचं, वरचे तीन थर तेवढे सिमेंटने जोडलेले. आतल्या बाजूला पिंपळाचं रोप रुजलंय, मनगटाएवढं झालंय.

पोहऱ्यात आलेलं पाणी पिवळट तांबडं. वरच्या पाण्यावर तेल सांडल्यासारखा रंगीत तवंग. काठीचं टोक त्यात फिरवून बघितलं. तवंगाचे सरळ कडांचे तुकडे झाले आणि ते तसेच वेगवेगळे तरंगत राहिले. तेल असतं तर पुन्हा जुळून आलं असतं. मोटारीचं डिझेल किंवा ऑइल गळलं असेल ही दादाची शंका इथेच मिटली. हा लोहजिवाणूंचा पापुद्रा. पाण्याच्या रेषेलगत चिऱ्यांवर नारिंगी रंगाचा बुळबुळीत थरही आहे, तो त्यांचाच. हे जिवाणू अंगाला अपाय करत नाहीत, पण पाण्याला वास आणतात आणि पाइप कोंदतात.

६ एप्रिल, रामनवमी
रंग कुठून येतो हे कळल्याशिवाय विहिरीत काहीही टाकायचं नाही असं ठरवलं आहे. सकाळपासून सल्ले चालू आहेत: तुरटी टाका, चुना टाका, औषध टाका. सगळ्यांचा जीव आमच्यासाठी तुटतो हे दिसतं, पण लाल पाण्याला एकच कारण असतं असं धरून सगळे बोलतात.

काल संध्याकाळी काचेच्या तीन बाटल्या भरून ओसरीवर ठेवल्या होत्या. एक विहिरीची, एक स्वयंपाकघरातल्या नळाची, एक शेजारच्या काकींच्या विहिरीची. आज बघितलं तर नळाच्या बाटलीत तळाला गंजाच्या खपल्या, जाड, हाताला लागतील अशा. त्या पाइपच्या. आमच्या विहिरीच्या बाटलीत तळाला तांबडा, कापसासारखा हलका गाळ बसलाय, हे लोह. पण गाळ बसूनही वरचं पाणी पिवळटच राहिलं. तो रंग खाली बसत नाही, कारण तो पाल्याचा अर्क आहे. काकींची बाटली जवळजवळ स्वच्छ. त्यांची विहीर आमच्यापासून फार लांब नाही, दगड तोच, पाऊस तोच. फरक एवढाच की त्यांच्या विहिरीवर रोज दोर पडतो.

पेरूचं कोवळं पान चुरगाळून दोन्ही विहिरींच्या पाण्यात टाकलं. आमचं पाणी काळपट जांभळं झालं, काकींचं किंचित करडं. पानातला तुरट अंश लोहाशी मिळून हा रंग देतो. लोहाच्या पाण्याचा चहा काळा पडतो तोही याच कारणाने.

म्हणजे आमच्याकडे पाला, लोह आणि पाइप असे तीन रंग एकात मिसळले आहेत. त्यातले पहिले दोन एकमेकांत गुंतलेले. विहिरीवर आंबा आणि फणस दोन्ही झुकलेत. नऊ वर्षांचा पाला तळाशी कुजतोय. कुजताना तो पाण्यातला प्राणवायू संपवतो. प्राणवायू नसला की जांभ्यात घट्ट बसलेलं लोह विरघळू लागतं. विरघळलेलं लोह दिसत नाही. पाणी वर आलं, हवा लागली की त्याचा गंज होतो आणि पाणी लाल होतं. जांभा लोहाने भरलेलाच असतो, त्याचा तांबडा रंगच लोहाचा. पण वापरत्या विहिरीत तो ते सहजी सोडत नाही. पाला काढला तर निम्मं दुखणं मुळातून जावं.

८ एप्रिल
जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना दिला. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांचीच निर्जंतुक बाटली, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवली. लोहासाठीची बाटली वेगळी, तिच्यात थोडं आम्ल आधीच घातलेलं असतं, नाहीतर वाटेतच लोह खाली बसतं आणि आकडा कमी येतो.

१२ एप्रिल
विहिरीवरच्या फांद्या उतरवल्या. आंबा धरला आहे म्हणून त्याची एकच फांदी. पिंपळाचं रोप उपटायचं नाही हे गड्यांना दोनदा बजावलं. मूळ चिऱ्यांच्या मागे शिरलेलं असतं, ओढलं तर चिरा निखळतो आणि एक निखळला की वरचे बसतात. बुंध्यापासून कापलं, कापलेलं टोक तासून जाळलं. पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा कापायचं.

१७ एप्रिल
अहवाल आला. लोह लिटरला ३.४ मिलिग्रॅम, मर्यादा १. सामू, म्हणजे पीएच, ५.८; असायला हवा ६.५ ते ८.५. गढूळपणा १४ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), चालवून घ्यायची मर्यादा ५. विरघळलेले क्षार ७१, म्हणजे पाणी अतिशय मऊ. कोलिफॉर्म जंतू आहेत, पिण्यास अयोग्य.

लोहाच्या आकड्यापेक्षा सामूचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाणी आम्लधर्मी आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जांभ्यातले विद्राव्य क्षार कधीच धुऊन गेलेत, म्हणून आम्ल मारायला दगडात काही उरलेलंच नाही. यातून दोन गोष्टी निघतात. असं पाणी लोखंडी पाइप खाणारच. आणि नुसत्या तुरटीने ते निवळणार नाही. तुरटीचा गोळा बांधायला पाण्यात क्षारता लागते, ती इथे नाही, उलट तुरटीने सामू आणखी खाली जातो. आईच्या आठवणीत आजी माठाला आतून निवळीची बी घासायची. गढूळ पाण्याला तो उपाय खरा आहे, पण विरघळलेल्या लोहाला तोही लागू पडत नाही.

२२ एप्रिल
उपसा. आजची नोंद सविस्तर लिहून ठेवते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

विहिरी उपसणारी चार माणसं कुडाळकडून आली. त्यांच्यातले वडीलधारे अनुभवी, कमी बोलणारे. काकींनी कठड्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मग त्यांनीच बजावलं, "गडबड करू नकात. आदी दिवो सोडा, मगे माणूस. बावीक वारो लागाक व्हयो." बाव म्हणजे विहीर.

काकींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि दिव्याने भागत नाही हेही तितकंच खरं. बंद विहिरीत कुजण्याने प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. दिवा विझला तर उतरायचंच नाही. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं होत नाही. कुजक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड दिव्याला कळत नाही, आणि तो जास्त असला तर नाकालाही वास येईनासा होतो. म्हणून भाड्याने ब्लोअर आणला, त्याची लांब नळी तळापर्यंत सोडली, माणूस उतरायच्या आधीपासून शेवटचा माणूस वर येईपर्यंत तो चालू. डिझेलचा पंप विहिरीच्या तोंडाशी नको म्हटलं, त्याचा धूर आत बसतो. विजेचा पंप लावला, आणि माणूस उतरायच्या वेळी तो वर घेऊन मेन स्विच बंद. पाण्यात माणूस आणि पाण्यात वीज एका वेळी नाही.

उतरणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना पट्टा, त्याचा दोर वर दोघांच्या हातात. वडीलधाऱ्यांनी आपल्या माणसांना सांगितलेलं वाक्य मी ऐकलं: खालचा बोलेनासा झाला तर ओढायचं, कुणी मागोमाग उतरायचं नाही. विहिरीत गुदमरण्याच्या बातम्या वाचल्या तर हेच दिसतं. पहिल्याला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा.

पाणी एका दमात उपसलं नाही. निम्म्यावर पंप थांबवून तासभर वाट बघितली, चिरे कुठे फुगतात का, मागून माती येते का ते बघितलं. आतलं पाणी झटकन गेलं आणि मागच्या मातीत पाणी भरलेलं असलं तर सुकं बांधकाम आत कोसळू शकतं. एप्रिल-मे हाच उपशाचा काळ, तो याचसाठी. भिंतीमागची पातळीही उतरलेली असते.

तळ उघडा पडला. दोन कासवं निघाली, ती काकींच्या विहिरीत सोडली. गाळ हातभर जाड, काळा कुळकुळीत, त्याचा वास आवारभर. त्यात अख्खी आंब्याची पानं, शिरा शाबूत, रंग मात्र कोळशाचा. करवंट्या, कप्पीचा तुटका दांडा, दोन कळशा, प्लास्टिकच्या पिशव्या. घमेल्याने वर ओढून गाळ माडांच्या पलीकडे पसरला.

खालच्या माणसाने तारेच्या ब्रशने चिरे घासले. नारिंगी बुळबुळीत थर सोलून निघत होता. जोडांमधलं मात्र काहीही खरवडायचं नाही असं सांगितलं होतं, झरा तिथूनच झिरपतो. मुख्य झरा ईशान्येच्या कोपऱ्यात. त्याच्या तोंडाशी बाटली धरून सरळ झऱ्याचं पाणी भरून घेतलं. वर आली तेव्हा बाटली आरपार स्वच्छ, सगळे खूश झाले. संध्याकाळपर्यंत तिला पिवळी झाक आली.

२३ एप्रिल
काल पसरलेला काळा गाळ आज दुपारी वरून तांबडा झालाय. पायाने उकरला तर आत अजून काळा. गाळातलं गंधकाशी बांधलेलं लोह, हवा लागताच गंजलं. विहिरीत काय चालू होतं ते इथे अंगणात उघड्यावर दिसतंय. दादाला फोटो पाठवले.

झऱ्याच्या बाटलीचा अर्थही उघड आहे. थोडं लोह झऱ्यातूनच येतं. साफसफाईने सगळं सुटणार नाही, वर काहीतरी करावं लागेल.

२५ एप्रिल
पाणी १.५ मीटर भरलं. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले खोली भागिले ४, म्हणजे सुमारे १०,६०० लिटर. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. पण आज लोहजिवाणूंचा बंदोबस्त करायचा होता, म्हणून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचा मोठा डोस. पावडर ३० टक्के धरली तर पावणेदोन किलो. पावडर नवी, बंद पिशवीतली घेतली. दमट कोठीत उघडी राहिलेली पावडर नुसता चुना होऊन बसते.

गावचे जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीतर्फे पाण्याचं शुद्धीकरण बघणारे, मदतीला आले. प्लास्टिकच्या बादलीत आधी लापशी, मग पाणी वाढवून ढवळलं, चुना खाली बसू दिला. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढलं, थोडं चिऱ्यांवरून ओतलं, उरलेलं बादलीसकट पाण्यात बुडवून वरखाली हलवलं, म्हणजे सगळीकडे पोचतं. हा मोठा डोस गाळ काढल्यावरच द्यायचा. गाळ असताना दिला असता तर सगळा क्लोरीन पाला आणि लोहच खाऊन गेले असते.

पाणी बघता बघता लालभडक झालं. आई फोनवर घाबरली. तिला समजावलं की न दिसणारं लोह आता दिसायला लागलंय, बाहेर काढता येण्यासारखं झालंय.

काकी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी बावीत जांभळं औषध टाकायला माणूस यायचा. ते पोटॅशियम परमँगनेट. १८९० च्या दशकात आग्र्याला असलेल्या हॅन्किन या शास्त्रज्ञाने कॉलऱ्याच्या साथीत विहिरींसाठी ही पद्धत रूढ केली, ती अशी पार मालवणातल्या वाडीपर्यंत पोचली.

२६ एप्रिल
रात्रभर ठेवून सगळं पाणी उपसून टाकलं. माडांना किंवा परसात दिलं नाही, दगडी गटारातून पडीक जागेकडे सोडलं. क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसा चालू.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
पाइप. जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, लाइन कापली तर आतलं भोक बोटभरही उरलेलं नाही, बाकी सगळा गंजाचा थर. पंपापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकची, केली. टाकी घासून धुतली. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, प्लंबरने काम चोख केलं.

८ मे
दुसरा अहवाल. लोह १.२. सामू ५.९. गढूळपणा ३. कोलिफॉर्म नाही. लोह काढायला वेगळं काही न बसवता, नुसती विहीर साफ आणि निर्जंतुक करून ३.४ वरून १.२! आईला फोन केला, तिने देवापुढे साखर ठेवली.

पण १.२ म्हणजे पांढरे कपडे पिवळे पडणारच, आणि मर्यादेच्या वरच. उरलेल्यासाठी गाळणी बांधते आहे. तत्त्व सोपं: पाण्याला हवा द्यायची, लोहाचा गंज होऊ द्यायचा, वाळूत अडवायचा. अडचण सामूची. आम्लधर्मी पाण्यात लोह गंजायला फार वेळ घेतं, वाळूतून निसटून जातं आणि पुढे टाकीत लाल होतं. म्हणून आधी सामू वर आणायला हवा. चुना मोजून घालणं आईला रोज जमायचं नाही. शिंपले मात्र इथे हवे तेवढे मिळतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी असेल तेवढाच तो विरघळतो, जास्त झाला तरी अपाय नाही.

१५ मे
गाळणी तयार. २०० लिटरचे दोन प्लास्टिकचे पिंप, खाद्यतेलाचे, धुऊन घेतलेले. पंपाचं पाणी भोकं पाडलेल्या आडव्या पाइपातून धारांनी दीड फूट खाली पडतं, ही हवा. पहिल्या पिंपात तिसऱ्या आणि मुळे या खायच्या शिंपलीवर्गातल्या जिवांचे शिंपले, उकळून, वाळवून, जाडसर कुटलेले. दुसऱ्यात तळाला खडी, वर बारीक खडी, वर चाळून धुतलेली नदीची वाळू दोन फूट. पाणी सावकाश उतरायला हवं, म्हणून शेवटचा कॉक अर्धाच उघडा.

दुकानदार कोळशाचाही थर घाला म्हणत होता. मुद्दाम घातला नाही. कोळसा क्लोरीन शोषून घेतो, आणि पावसाळ्यात मला नळापर्यंत थोडा क्लोरीन हवा आहे.

सामूच्या पट्टीवर ६.८ च्या आसपास. पेरूचं पान टाकलं, रंग बदलला नाही. चहा केला. चहाच्याच रंगाचा झाला.

२१ मे
कालपासून धो धो पाऊस, मे महिन्यात. विहिरीभोवतीच्या ओट्याचं काम अर्धं राहिलंय. ताडपत्री बांधून गवंडी आणि गडी काम करताहेत. ओट्याला जिथे जिथे चीर आहे तिथून अंगणातलं पाणी सरळ विहिरीत जातं, आणि जंतू मुख्यतः तिथूनच येतात. जांभा सच्छिद्र, त्यात पोकळ्या, माती गाळते तसं तो पाणी गाळत नाही. संडासाचा शोषखड्डा १५ मीटरच्या पलीकडे आहे हे टेपने पुन्हा मोजून घेतलं, उताराच्या खालच्या बाजूला आहे, बरं आहे.

२६ मे
ओटा काल संध्याकाळी पुरा झाला, आणि कालच मान्सून तळकोकणात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. देवगडपर्यंत आला म्हणे. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. विहिरीवर लोखंडी चौकट आणि बारीक जाळी बसवली. पाला जाळीवर अडतो, वारा आत जातो. पत्र्याने पूर्ण झाकायला मी नकार दिला.

१५ जून
आई आली. विहिरीत ६ मीटर पाणी, म्हणजे ४२,००० लिटर. टीसीएल १०५ ग्रॅम. जलसुरक्षकांनी क्लोरीन तपासणीची ओटीची (ऑर्थोटॉलिडिन या रसायनाची) बाटली दिली आहे: थेंब टाकले, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पण पाण्यात लोह असलं तरी पिवळा रंग येऊ शकतो. म्हणून आमच्याकडे ही तपासणी गाळणीनंतरच्या पाण्याची करायची आणि रंग लगेच वाचायचा, रेंगाळायचं नाही. ०.२ मिळाला, हवा तेवढा.

आईला रोज दहा-बारा कळशा दोराने काढायच्या आहेत, पंप असूनही. गुडघ्यांचं काय म्हणून मी काळजीत होते. मग ठरलं की ती दोनच काढेल आणि उरलेल्या काकींचा नातू काढेल, शाळेत जायच्या आधी.

१९ जुलै
गाळणीनंतरच्या पाण्याचा अहवाल: लोह ०.२, सामू ६.९, गढूळपणा १ च्या आत, कोलिफॉर्म नाही. कच्च्या विहिरीच्या पाण्यात लोह ०.७. पावसाचं पाणी मिसळल्याने कमी दिसतंय. खरा आकडा उन्हाळ्यातला.

वाळूच्या वरचा बोटभर थर तांबडा झाला होता, खरवडून धुऊन परत घातला. साधारण महिन्याने हे करावं लागेल. शिंपले अंदाजे चार बोटं खाली बसलेत, वरून भर घातली. आईने बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचे शिंपले आता परसात वेगळे वाळत ठेवायला सुरुवात केली आहे. पिंपळ दोन ठिकाणी फुटलाय, उद्या कापायचा. पुढचा नमुना मार्चअखेर, पाणी उतरल्यावर, आणि त्या वेळी झऱ्याचा आणि गाळणीनंतरचा असे दोन वेगळे द्यायचे.